कापायचा तर फुकट

मागं आमच्या पडेगावात सरकारी आरोग्य योजनेचं शिबीर झालं. मांडव, खुर्च्या, मागं मोठा फलक. त्या फलकावर एक हसणारा म्हातारा होता. त्याला दोन्ही पाय होते आणि दातही सगळे होते. माझ्या पोरानं माझं नाव लाभार्थी म्हणून देऊन टाकलं होतं. एका बाईंनी माईक माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाल्या, आजोबा, योजनेबद्दल दोन शब्द सांगा.

मी म्हणालो, "पाय कापून घेतला असता तर तुमचे लई उपकार झाले असते. मी ठेवला. त्यामुळं सांगण्यासारखं कमी हाय."

बाईंनी माईक हळूच काढून घेतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बोललो म्हणून वाजवल्या का माझं बोलणं संपलं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

जे दोन शब्दांत मावलं नाही ते इथं लिहितो आहे. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही मेंढरं ज्या गावाला बसतील त्या गावच्या शाळेत. अक्षर माझं आहे. काना-मात्रा नातीनं सुधारल्या, पण शब्द एकही गाळायचा नाही असं तिला बजावलं आहे. ज्याला शुगर आहे, ज्याच्या पायाला मुंग्या यायच्या आणि आता त्याही यायच्या बंद झाल्या आहेत, त्यानं हे वाचावं. बंद झाल्या म्हणजे बरं झालं, असं मीही समजलो होतो.

मोरचूद

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. बापाचा कळप मोठा होता. माळ कमी झाले, जिथं चारायचं तिथं प्लॉटच्या खुणा रोवल्या गेल्या, तेव्हा मी बरीच मेंढरं विकली आणि पडेगावात दोन खोल्या बांधल्या. पोरगा नामदेव रिक्षा चालवतो. थोडी मेंढरं ठेवली होती, ती मी दौलताबाद रस्त्याच्या अंगाला, जिथं कुंपण पडलं नव्हतं तिथं चारायचो. सकाळी निघायचं, दिवस कलला की परत. एवढंच काम राहिलं होतं आणि मला तेवढंच पुरत होतं.

एका दिवशी बाभळीचा काटा चपलेतून आरपार गेला आणि मला पत्ताच नाही. घरी आलो तर माझ्या मालकिणीनं, सोजरनं, फरशीवर डाग बघितले. म्हणाली, "आवं, हे रगत कुणाचं?"

मी म्हणालो, "कोंबडीचं असंल."

आमच्याकडं कोंबड्या नाहीत.

मेंढीला खुरी लागली, म्हणजे खूर सडायला लागला, तर आम्ही डॉक्टर बोलवत नाही. निळा मोरचूद पाण्यात घोळायचा, त्यात मेंढीचा पाय बुडवून धरायचा. ती तडफडते, लाथा मारते, धरून ठेवायची. चार-आठ दिवसांत पाय कोरडा होतो. बापानं असंच केलं, मी असंच केलं, शेकड्यानं पाय बरे केले. मग माझा पाय काय वेगळ्या मातीचा आहे? घमेल्यात मोरचूद घोळला आणि पाय बुडवून बसलो. सोजर म्हणाली, झोंबत असंल की. मी म्हणालो, काय नाय झोंबत. खरंच झोंबत नव्हतं. मेंढी ज्याला ओरडते त्यात मी बसून चहा पीत होतो. मला वाटलं, आपलं अंग घट्ट आहे. म्हातारपणातही घट्ट आहे.

रोज बुडवत राहिलो. कातडी भिजल्या भाकरीसारखी झाली, मग निळी, मग काळी. तरी दुखलं नाही. मेंढीला दुखतं म्हणून ती वाचते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी जेवताना नातीनं ताट उचललं आणि दाराकडं तोंड करून बसली. मी म्हणालो, काय झालं गं? सोजर म्हणाली, "वास येतोय तुमच्या पायाचा. पोरगी सांगंना, मी सांगते."

टोचा की

नामदेवनं रिक्षात घालून शहरात नेलं. दवाखाना खासगी होता, पण दारावर योजनेची पाटी होती. माझ्याकडं कार्ड होतं. त्या कार्डाचा मला अभिमान होता. ते निघालं त्या दिवशी मी ते पटक्यात खोचून गावभर फिरलो होतो. सत्तरीनंतर सरकारनं दिलेलं, कुणाच्या दारात हात न पसरता मिळालेलं. पोरावर भार नाही, सुनेचं बोलणं नाही. असं मी समजत होतो.

डॉक्टर तरणा होता. त्यानं मला वर बघायला लावलं आणि म्हणाला, टोचलं की सांगा. मी छताकडं बघत राहिलो. पंखा होता, त्याच्यावर धूळ होती. बराच वेळ गेला. मी म्हणालो, "टोचा की."

तो म्हणाला, "बाबा, केव्हाचं टोचून झालं."

त्या वेळी पहिल्यांदा भीती वाटली. पायाची नव्हे. माझं म्हणून जे आहे त्याच्यात काय चाललंय हे मलाच कळत नाही, त्याची. घरात चोर शिरून बसावा आणि आपण ओट्यावर गप्पा मारत असावं, तशी.

त्यानं शुगर तपासली, पायाचा एक्स-रे काढला, नामदेवला बाहेर नेलं. मी म्हणालो, पाय माझा हाय, इथं बोला. तेव्हा तो परत आला आणि खुर्ची ओढून बसला. मनानं वाईट नव्हता. म्हणाला, दोन वाटा आहेत. पहिली, गुडघ्याखाली कापायचा. जखम स्वच्छ, काम एकदाचं संपलं, सगळं योजनेत. दुसरी, दोन बोटं काढायची, सडलेलं मांस खरवडायचं, मग रोज ड्रेसिंग, पाय टेकवायचा नाही, आणि हे काही महिने चालणार. पाय वाचेलच असं नाही. मग जे बोलला ते मी विसरलो नाही:

"बोटं काढणं योजनेत बसतं. नंतर घरून येऊन ड्रेसिंग करणं बसत नाही. आणि खरं सांगू बाबा, लोकांना ते झेपत नाही. मधेच सोडतात, मग परत येतात, तेव्हा गुडघ्याच्या वरून कापावा लागतो."

नामदेव माझ्याकडं बघत नव्हता. खाली फरशीकडं बघत होता.

मी म्हणालो, बोटं काढा. बाकीचं मी बघतो.

खिडकीवरचा मित्र

दवाखान्यात योजनेची एक खिडकी असते. तिथं बसणाऱ्याला आरोग्यमित्र म्हणतात. पोरगा सभ्य होता, आजोबा आजोबा करायचा. बोटं काढल्यावर मी चाकाच्या खुर्चीत बसून त्याच्याकडं गेलो आणि विचारलं, ड्रेसिंग का नाही?

"आजोबा, तो बाहेरचा उपचार आहे. भरती असलं तरच योजना."

"मग भरती ठेवा."

"ऑपरेशन झालं, तुम्ही बरे झालात. आता सोडावं लागतं."

"बरा झालोय तर ड्रेसिंग कशाला सांगितलं?"

"जखम आहे ना अजून."

"मग बरा कुठं झालोय?"

त्यानं मान खाजवली. मग हळू आवाजात, जशी काही माझ्या फायद्याची गोष्ट सांगतोय तसं म्हणाला, "कापायचं ठरवलं तर मी आजच मंजुरी पाठवतो. उद्यापर्यंत येऊन जाईल."

मी त्याला म्हणालो, "तू मेंढरं इकत असतास तर लई मोठा झाला असतास."

तो हसला. त्याला वाटलं मी आशीर्वाद दिला.

मी त्याच्यावर राग धरत नाही. त्याच्यापुढं जे लिहून आलंय तेच तो सांगणार. राग धरतो तो ज्यानं हे ठरवलं त्याच्यावर. तो कुठंतरी बसला असंल, त्याला दोन्ही पाय असतील. त्यानं हिशोब केला असंल की कापणं एकदाच असतं आणि वाचवणं रोज असतं. कापलेल्या पायाचा फोटो काढून पाठवता येतो. वाचलेल्या पायाचा फोटो काढला तर तो नुसता पाय दिसतो.

कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात जायचं होतं. गेलो. घरी सोडल्यावर काही दिवस. तिथं ड्रेसिंग फुकट होतं, सामान नव्हतं. पट्टी आणि मलम बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी मिळायची. पडेगावावरून रोज जायचं तर नामदेवची सकाळची वर्दी बुडायची, आणि रांगेत पाय खाली सोडून बसायला लागायचं, तोच तर सोडायचा नव्हता. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे तक्रार म्हणूनच लिहितो.

शेजारची खाट

वॉर्डात शेजारी रहीमचाचा होता. शहागंजात टपरीवर किल्ल्या बनवायचा. त्याचा उजवा पाय माझ्या आधी गेला होता, योजनेतच. मी आलो त्या दिवशी त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "क्या मामू, तुम्हारा कौन-सा?"

मी म्हणालो, उजवा.

"अरे रे. बायां रहता तो मजा आता. एक जोड़ी चप्पल लेते, आधी-आधी बांट लेते." मग म्हणाला, "दुकानवाला एक चप्पल देता नहीं ना. पूरी लेनी पड़ती. मेरे घर में सीधे पांव की चप्पलां ऐसीच पड़ी हैं, नयी की नयी."

सगळा वॉर्ड हसला. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी हसलो.

वॉर्डातलं दिवसभराचं सांगतो, म्हणजे जाणाऱ्याला धसका बसणार नाही. सकाळी झाडूवाली येते तेव्हाच जाग येते, त्याआधी झोप लागलीच असंल तर. मग बोटाला टोचून शुगर. ते मात्र झोंबतं. मग सुई, मग चहा बिनसाखरेचा. मग ड्रेसिंगची गाडी. तिची चाकं वाजत येतात आणि वॉर्डातली सगळी बोलणी थांबतात. ज्यांना दुखतं ती ओरडतात. मी ओरडायचो नाही, तर बाकीचे मला लई धीराचा समजायचे. मी त्यांना तसंच समजू दिलं.

चाचा सुतकी तोंड करून बसणारा माणूस नव्हता, पण एकदा दुपारी सगळे झोपले होते तेव्हा तो म्हणाला, "मामू, तुम बच्चों की सुने नहीं, अच्छा किया. मैं सुना. सब बोले, फ्री है, निकाल देव. मैं बोला, हौ." मग भिंतीकडं तोंड केलं. "फ्री का बोलके निकाल दिया मैंने."



घरातलं

घरचे वाईट नाहीत, हे आधी लिहितो, कारण पुढं जे लिहिणार त्यानं ते तसे वाटतील.

नामदेव म्हणाला, "अप्पा, हट्ट कशाला करता? तुमाला काय आता नांगर धरायचाय? बसून खा की. फुकट होतंय, व्हऊ द्या." तो खोटं बोलत नव्हता. रिक्षाचा हप्ता आहे, पोरीची शाळा आहे. त्याच्या जागी मी असतो तर माझ्या बापाला असंच म्हणालो असतो का? नसतो. पण माझ्या बापाला शुगर नव्हती आणि माझ्याकडं रिक्षा नव्हती, तर हे सांगणं सोपं आहे.

सूनबाई मंगल जास्त हुशार. तिनं सगळी चौकशी करून ठेवली होती. म्हणाली, "मामा, एक पाय गेला तर अपंगाचं कार्ड निघतंय. एसटीला सवलत, महिन्याला पगार, आणि पुढचे सगळे आजार योजनेत धरतात म्हणं. आत्ता तुमी धड हाय म्हणून काहीच मिळंना."

मी म्हणालो, "दोन्ही कापले तर घर बांधून देतेत का इचार."

ती चिडली आणि डबा ठेवून निघून गेली. ती जे म्हणाली ते खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं. सबंध माणसाला मागायला दार नाही. अर्धा झाला की दारं उघडतात. रहीमचाचाचं कार्ड पुढं निघालं. त्याला दर थोड्या वर्षांनी तपासायला बोलावणार आहेत. पाय परत उगवलाय का ते बघायला, असं तो सांगतो.

मी माझ्या आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. दुष्काळात मेंढरांना पाला मिळाला नाही तेव्हाही पाटलाच्या दारात मी उभा राहिलो नाही. आणि इथं माझ्या पायाचं माझी माणसं खाटेच्या भोवती उभी राहून ठरवत होती, जसं आम्ही बाजारात लंगड्या मेंढीचं ठरवायचो. मला ते बोलणं पाठ होतं. चालती ठेवण्यात फायदा नाही, आहे तोवर देऊन टाका. मीच कितीदा बोललो आहे.

सोजरची मेंढरं

सोजर इतके दिवस काही बोलली नव्हती. ती यायची, खाटेच्या पायथ्याला उभी राहायची, पायावरची चादर नीट करायची, जायची. एका दिवशी नामदेव चहाला गेला तेव्हा ती म्हणाली, "मेंढरं द्यायची."

मी म्हणालो, "नाय."

"तुमाला इचारलं नाय मी. माझी हाईत."

हे वाचणाऱ्याला समजावून सांगायला पाहिजे. आमच्यात लग्नात बाप पोरीला एक मेंढी आंदण देतो. ती मेंढी, तिची कोकरं, त्यांची कोकरं, ती सगळी बाईची. नवऱ्यानं राखायची, लोकर कातरायची, पण विकायची तर तिला विचारून. मी पडेगावात खोल्या बांधायला कळप विकला तो माझा विकला. राहिली ती सगळी सोजरच्या एका मेंढीची वंशावळ होती. मी मात्र लोकांत "माझी मेंढरं" म्हणायचो. ती कधी बोलली नाही. एकाही दिवशी बोलली नाही. आणि बोलली तर ते हे.

मी म्हणालो, मेंढरं नसतील तर पाय घेऊन जाऊ कुठं? कुणाच्या मागं चालू?

ती म्हणाली, "आणि पाय नसंल तर मेंढरांमागं कोण जाईल? मीच ना? माझे गुडघे बघितलेत का कधी?"

बघितले नव्हते.

मी म्हणालो, पोराला वाटंल बापानं आईचं विकून खाल्लं. ती म्हणाली, वाटू द्या. मी म्हणालो, ही सरकारची जबाबदारी हाय, त्यांनी कार्ड दिलंय. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "ते कार्ड पायाला ताइतासारखं बांधून बघा, दुखणं उतरतंय का."

शहरातला खाटीक जास्त द्यायला तयार होता. तिनं दिली नाहीत. अजिंठ्याकडचा सखाराम म्हणून एक मेंढका आपला वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन त्या दिवसांत दौलताबादच्या अंगानं चालला होता, त्याला कमीत दिली, कारण तो पाळणार होता. एक भोरी नावाची मेंढी होती. तिची आई तिला टाकून मेली तेव्हा सोजरनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती सोजरच्या मागं संडासापर्यंत जायची. ती तेवढी ठेव, मी म्हणालो. सोजर म्हणाली, एकटी मेंढी रडून मरते. तिलाही दिली.

मी दवाखान्यात होतो. ती गेली तेव्हा मी बघितलं नाही. घरी आलो तर मागचा कोंडवाडा झाडून, शेण उचलून साफ केलेला होता, कुणी पाहुणा येणार असल्यासारखा.

पाय टेकवायचा नाही

मग ड्रेसिंगचे महिने. जवळच्या एका सिस्टरनं रोज यायचं कबूल केलं, आणि तिचे पैसे, पट्ट्या, मलम, शुगरची औषधं हे सगळं मेंढरांतून गेलं. मी कुठल्या पट्टीला कुठली मेंढी गेली ते मनात धरायचो. ही काळतोंडीची पट्टी. हे पाठीवर पांढरा डाग असलेलीचं मलम. सिस्टर विचारायची, आजोबा काय पुटपुटता? मी म्हणायचो, देवाचं नाव.

सिस्टरनं सोजरला शिकवलं. हात कसे धुवायचे, पट्टी कशी सोडायची, कुठला रंग चांगला आणि कुठला वाईट. लाल म्हणजे जगतंय. पांढरं-पिवळं म्हणजे सावध. काळं म्हणजे पळा. पुढं सिस्टर एक दिवसाआड यायला लागली आणि मधलं सोजर करायची. सोजर कधी शाळेत गेली नाही, पण पट्टी अशी बांधायची जशी चुंबळ वळते, कुठं सैल नाही, कुठं आवळ नाही.

पाय न टेकवणं हे सगळ्यात अवघड. चालण्यात जन्म गेलेल्या माणसाला बस म्हणणं. मी चिडायचो, ताट सरकवायचो, नातीवर ओरडायचो. एकदा हट्टानं उठून दारापर्यंत गेलो. पट्टीवर रक्त उमटलं ते सोजरनं मला आरशात दाखवलं आणि म्हणाली, "ही एक मेंढी गेली." त्यानंतर मी उठलो नाही.

पट्टीमुळं पाय फुगलेला, चप्पल बसेना. तशी खास चप्पल मिळते म्हणे, तीही योजनेत नाही. एका दिवशी नामदेव शहागंजातून एक पिशवी घेऊन आला. म्हणाला, किल्लीवाल्या चाचानं दिलंय. आत चप्पल होती, मोठ्या मापाची, नवी, फक्त उजव्या पायाची. बरोबर निरोप होता, "मामू को बोलो, घिस डाले तो दूसरी है."

मी ती घालूनच पहिल्यांदा अंगणात उभा राहिलो. डावी माझी, उजवी त्याची. अजून तीच घालतो.

वाचणाऱ्यासाठी

मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही. एवढंच सांगतो. रोज संध्याकाळी पायाचा तळवा आरशात बघा. दिसत नसंल तर बायकोला दाखवा, लाजू नका. मुंग्या येईनाशा झाल्या तर बरं वाटून घेऊ नका. मेंढराचं औषध मेंढराला.

आणि कार्ड असंल तर भरती व्हायच्या आधी विचारा की बाहेर आल्यावर काय. आत काय ते सगळे सांगतात. बाहेर आल्यावर काय, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. विचारलं की मान खाजवतात. तरी विचारा. डॉक्टर कापा म्हणाला म्हणजे तो लबाड असं नाही, कधी कधी कापावंच लागतं. पण ते फुकट आहे म्हणून कापू नका. जे फुकट घेतात ते पुन्हा देत नाहीत.

परतीची मेंढरं

शिबिरात माझा माईक काढून घेतला, त्याच्या थोडं पुढची गोष्ट. उन्हाळा सरत आला होता. मी दारात बसलो होतो, सोजर भांडी घासत होती. रस्त्यावरून घंट्या आल्या. मेंढरं परत गावाकडं निघाली होती, सखारामची. त्याच रस्त्यानं जायला लागतं, दुसरा रस्ता नाही.

सोजर उठली नाही. भांड्यांपुढं बसून राहिली. तिचा हात मात्र थांबला होता, नुसतं पाणी वाहत होतं. मग तिनं तोंडातून हाळी दिली. मोठी नाही. कोंडवाड्यात संध्याकाळी द्यायची तेवढीच, जशी दिल्याशिवाय राहवलं नसंल.

कळपातून एक मेंढी बाहेर पडली. भोरी. सखारामचा कुत्रा आडवा आला, तिनं त्याला ढुशी दिली आणि सरळ आमच्या अंगणात. सोजरच्या मांडीत तोंड घातलं, साबणाच्या पाण्यात. अंगावर दुसऱ्याची खूण होती, गेरूची. लोकर वाढलेली होती, चांगली राखली होती त्यानं.

सखाराम रस्त्यावर उभा राहिला. त्याला कळप सोडता येईना. त्यानं तिथूनच हात केला. म्हणाला, "आक्का, काय करू?"

तिथं कोण काय करणार. विकलेलं जनावर आहे. मी सोजरकडं बघितलं. मला वाटलं ती म्हणेल ठेवू. मी तयार होतो. कुणाच्या दारात मागितलं नाही, पण सखारामाला हात जोडून मागितलं असतं. सोजरनं भोरीच्या कानामागं दोनदा खाजवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"पोचवून या. त्याच्यासाठी तर पाय ठेवलाय."

मी चाचाची चप्पल घातली, काठी घेतली आणि भोरीच्या मानेखाली हात घालून तिला रस्त्यापर्यंत नेली. ती मागं वळत होती, मी तिला पुढं लावत होतो. कळपात सोडली. सखाराम म्हणाला, चालायला लागलात की चांगले. मी म्हणालो, व्हय.

मागं आलो तेव्हा सोजर भांडी घासत होती.